गोदामातील फ्लो रॅक: नव्याने बसवणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या वितरकाच्या गोदामात सकाळी नऊच्या सुमारास उभे राहून माल काढणाऱ्या माणसाकडे अर्धा तास नुसते पाहावे. हातात बिल घेऊन तो बिस्किटांच्या थप्पीकडे जातो, तिथून गोदामाच्या दुसऱ्या टोकाला साबणाकडे जातो, साबणाचे एक खोके काढण्यासाठी वरची चार खोकी बाजूला ठेवतो, ती परत रचतो आणि मग बिलावरील तिसरी ओळ वाचतो. त्याच्या हातांपेक्षा पायांना काम जास्त आहे, हे घड्याळ लावून मोजले नाही तरी लक्षात येते. तरीही मोजावे, कारण पुढचे सगळे निर्णय त्याच आकड्यावर अवलंबून आहेत. एका बिलाला एकूण किती मिनिटे लागली आणि त्यातली किती मिनिटे चालण्यात व थप्पी हलवण्यात गेली, एवढी दोनच मापे दहा-पंधरा बिलांसाठी वहीत टिपून ठेवावीत.

फ्लो रॅक हे चालणे कमी करण्यासाठी असते. त्याची रचना साधी आहे. रॅकच्या प्रत्येक मजल्यावर सपाट फळीऐवजी छोट्या चाकांच्या पट्ट्या किंवा आडवे रोलर बसवलेले असतात आणि त्यांना मागून पुढे ढाळ दिलेला असतो, जसा न्हाणीघराच्या फरशीला देतात. खोके मागच्या बाजूने आत सोडायचे, ते स्वतःच्या वजनाने घरंगळत पुढच्या स्टॉपरपाशी येऊन थांबते आणि पुढचे खोके उचलले की मागची सगळी रांग एक घर पुढे सरकते. याला वीज लागत नाही आणि मोटारही लागत नाही. मागून भरायचे आणि पुढून काढायचे असल्यामुळे आधी आलेला माल आधी बाहेर जातो. खाद्यपदार्थ, औषधे आणि सौंदर्यप्रसाधने यांच्या गोदामात ही गोष्ट वेगाइतकीच मोलाची आहे.

चालणे किती कमी होते, ते एका हिशेबावरून पाहू. समजा, तुमचे सर्वसाधारण खोके ४० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि २५ उंच आहे. रॅकच्या दोन उभ्या चौकटींमधील जागेला आपण खण म्हणू. २४० सेंटिमीटर रुंदीच्या खणात, खोक्याच्या दोन्ही बाजूंना मिळून अडीच सेंटिमीटर मोकळीक आणि एक सेंटिमीटर दुभाजक पट्टी धरली, तर एका मजल्यावर सात लेन, म्हणजे खोकी एकामागे एक सरकण्याच्या सात रांगा, बसतात. चार मजले केले की अठ्ठावीस लेन होतात, म्हणजेच अठ्ठावीस प्रकारचा माल. आता हाच अठ्ठावीस प्रकारचा माल जमिनीवर पॅलेट, म्हणजे माल रचायचे सपाट चौथरे, मांडून ठेवला, तर २४० सेंटिमीटरच्या तोंडाला दोनच पॅलेट मावतात. चौदा खण, म्हणजे सुमारे ३४ मीटर लांबीची रांग लागते आणि समोरासमोर दोन रांगा केल्या तरी १७ मीटरची गल्ली होते. फ्लो रॅकसमोर तोच माणूस दोन-तीन पावलांत सगळ्या मालापर्यंत पोहोचतो. खोकी वेगाने घरंगळतात म्हणून काम वेगाने होते, असा समज नवख्यांमध्ये असतो. तो चुकीचा आहे. खोके सावकाश आले तरी चालते. वेग येतो तो सगळा माल हाताच्या अंतरावर आल्यामुळे आणि भरणारा व काढणारा एकमेकांच्या वाटेतून दूर झाल्यामुळे.

आधी विक्रीची यादी

रॅकचा दर विचारण्याआधी मागच्या तीन महिन्यांची बिले काढून प्रत्येक वस्तू किती बिलांवर आली, हे मोजावे. किती खोकी विकली गेली, यापेक्षा किती वेळा त्या वस्तूपाशी जावे लागले, हा आकडा इथे महत्त्वाचा आहे. एकाच बिलावर पन्नास खोकी गेलेली वस्तू फ्लो रॅकमध्ये ठेवण्यात अर्थ नाही, ती पॅलेटवरून थेट टेम्पोत जावी. उलट रोज तीस बिलांवर एकेक खोके किंवा चार-चार नग जाणारी वस्तू रॅकच्या मधल्या मजल्यावर हवी.

या यादीवरून लेनची संख्या ठरते. वरच्या मापाच्या खोक्यासाठी २४० सेंटिमीटर खोलीच्या लेनमध्ये सहा खोकी बसतात. एखाद्या वस्तूची रोजची विक्री पंधरा खोक्यांची असेल, तर तिला तीन लेन द्याव्यात, म्हणजे सकाळी एकदा भरले की दिवस निभावतो. दोन लेन दिल्या तर दुपारी पुन्हा भरावे लागेल. माणसे उपलब्ध असतील तर तेही चालते, पण ठरवून करावे. महिन्याला दोनच खोकी जाणारी वस्तू मात्र लेनमध्ये घालू नये, कारण लेन भरली तर तीन महिन्यांचा माल तिथे अडकून पडतो आणि नाही भरली तर महागडी जागा रिकामी राहते. अशा मालाला साधी फळी पुरे. बहुतेक वितरकांकडे यादीतील थोडक्याच वस्तू बहुतेक बिलांवर असतात आणि रॅक तेवढ्यांसाठीच घ्यायचे असते. सगळे गोदाम फ्लो रॅकने भरून देतो म्हणणाऱ्या विक्रेत्याला चहा पाजून निरोप द्यावा.

गौरी-गणपती आणि दिवाळीच्या आधीचे आठवडे या हिशेबातून वेगळे काढावेत. त्या दिवसांतील विक्री धरून लेन ठरवल्या, तर वर्षातले दहा महिने निम्मे रॅक रिकामे दिसेल.

खोक्याचा तळ

आता गोदामात जाऊन प्रत्येक वस्तूचे एक खोके उलटे करून पाहावे. हे काम कोणाला सांगून होत नाही, स्वतः करावे लागते. फ्लो रॅक चालणार की अडणार, हे रॅकच्या किमतीपेक्षा खोक्याच्या तळावर जास्त ठरते.

तळ सपाट, कडक आणि कोरडा हवा. पुठ्ठ्याच्या झडपा नीट चिकटलेल्या हव्यात. एखादी झडप सैल लोंबत असेल, तर ती दोन चाकांच्या मधल्या फटीत जाते आणि रांग तिथेच थांबते. प्लास्टिकची पॅकिंग पट्टी तळावरून गेलेली असेल आणि तिची गाठ फुगलेली असेल, तरी तेच होते. पोती, पिशव्या आणि गोल तळाचे डबे चाकांवर नीट सरकत नाहीत; ते सपाट तळाच्या प्लास्टिक क्रेटमध्ये घालून ठेवावेत. क्रेट घेतानाही उलटा करून पाहावा, कारण पुष्कळ क्रेटच्या तळाला आडव्या-उभ्या कडा असतात आणि त्या चाकांत अडकतात.

चाकांमधील अंतरासाठी एकच नियम ध्यानात ठेवला तरी पुरतो: लेनमध्ये ज्या दिशेने खोके सरकते, त्या दिशेच्या त्याच्या लांबीखाली कोणत्याही क्षणी किमान तीन चाके असली पाहिजेत. १५ सेंटिमीटर लांबीचे खोके असेल, तर दोन चाकांच्या केंद्रांमध्ये पाच सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतर नको. दोनच चाके राहिली तर खोके पुढे झुकते, नाक खाली घालते आणि अडते. खोक्याची लांब बाजू नेहमी सरकण्याच्या दिशेने ठेवावी. आडवे सोडलेले खोके वाटेत तिरके होऊन दुभाजकांमध्ये पाचर बसल्यासारखे अडकते.

एक अनुभव सांगण्यासारखा आहे. मी पाहत असलेल्या एका गोदामात मे महिन्यात बसवलेले रॅक सुरळीत चालत होते. जुलैत, पंधरा दिवस सूर्य न दिसल्यावर, त्याच लेनमध्ये तीच खोकी मध्येच थांबू लागली आणि काढणारी मुले काठीने ती ओढू लागली. आम्ही आधी चाकांना दोष दिला. शेवटी एक खोके बाहेर काढून तळावर हात फिरवला, तेव्हा पुठ्ठा दमट होऊन दोन पट्ट्यांच्या मधोमध लोंबलेला हाताला लागला. प्रत्येक लेनमध्ये चाकांच्या दोनच पट्ट्या होत्या. मधोमध तिसरी पट्टी टाकल्यावर अडचण संपली. कोल्हापूरच्या पावसाळ्यात पुठ्ठा चार महिने दमटच असतो, असे धरून चालावे आणि दहा किलोच्या वरच्या खोक्यांसाठी सुरुवातीलाच तीन पट्ट्या मागाव्यात.

चाकांच्या पट्ट्यांऐवजी पूर्ण रुंदीचे रोलर घेतले, तर लेनची रुंदी कधीही बदलता येते आणि मऊ तळाची खोकीही चालतात. मात्र ते महाग पडतात. ज्यांच्याकडे खोक्यांची मापे वारंवार बदलतात, उदाहरणार्थ चपला किंवा तयार कपड्यांच्या वितरकांकडे, त्यांनी रोलरचा विचार करावा. ठरावीक कंपन्यांचा ठरावीक माल असणाऱ्यांना चाकांच्या पट्ट्या पुरतात.

ढाळ ठरवण्याची चाचणी

ढाळ साधारणपणे शेकडा चार ते सहाच्या दरम्यान बसतो, म्हणजे २४० सेंटिमीटर खोलीच्या लेनमध्ये मागची बाजू पुढच्यापेक्षा सुमारे १० ते १५ सेंटिमीटर उंच. तीन अंशांचा कोन म्हटले तर ही उंची साडेबारा सेंटिमीटरच्या आसपास येते. पण कागदावरच्या आकड्यावर ऑर्डर देऊ नये. विक्रेत्याकडून एका लेनपुरत्या पट्ट्या नमुना म्हणून मागवाव्यात आणि गोदामातच चाचणी घ्यावी.

पट्ट्या एका लांब, सरळ फळीवर बसवाव्यात. फळीचे पुढचे टोक जमिनीवर आणि मागच्या टोकाखाली बारा मिलिमीटर प्लायवूडचे चौकोनी तुकडे एकावर एक ठेवावेत. आठ तुकडे ठेवले की सुमारे साडेनऊ सेंटिमीटर होतात, तिथून सुरुवात करावी. सर्वांत हलके खोके पट्टीच्या मध्यावर अलगद ठेवून हात काढावा. ते आपणहून सुटले पाहिजे. सुटले नाही, तर एक तुकडा वाढवावा. मग सर्वांत जड खोके अगदी मागून सोडावे, लेन रिकामी असताना, कारण तेव्हाच त्याला सर्वांत जास्त वेग मिळतो. ते स्टॉपरवर आदळून उडाले किंवा आतला माल खळखळला, तर एक तुकडा कमी करावा. त्यानंतर लेन पूर्ण भरून पुढचे खोके उचलावे आणि मागची पाचही खोकी सरकतात का, की तिसरे मागेच रेंगाळते, ते पाहावे. ही तिसरी चाचणी बहुतेक जण विसरतात आणि नंतर रोज तीच अडचण भोगतात.

या चाचणीतून एक गोष्ट लगेच कळते: तीन किलोच्या आणि अठरा किलोच्या खोक्यांना एकच ढाळ मानवत नाही. ढाळ हा अख्ख्या मजल्याचा असतो, एकेका लेनचा नसतो. म्हणून साधारण सारख्या वजनाचा माल एका मजल्यावर ठेवावा आणि जड मजल्याला कमी, हलक्या मजल्याला थोडा जास्त ढाळ द्यावा. लेनमधील खोक्यांचा पुढच्या खोक्यावर येणारा दाबही मोजता येतो. दहा किलोची सहा खोकी आणि शेकडा पाच ढाळ असेल, तर साठ किलोचा विसावा भाग म्हणजे जेमतेम तीन किलोचा दाब येतो. वीस किलोची दहा खोकी असतील, तर तो दहा किलोपर्यंत जातो आणि पातळ पुठ्ठ्याचे पुढचे खोके त्याने दबते. खोल लेन स्वस्त वाटते, पण तिला ही दुसरी बाजू आहे.

उंची आणि वाटा

खोक्याच्या वर हात आत जाण्यासाठी आणि खोके स्टॉपरवरून उचलण्यासाठी दहा-बारा सेंटिमीटर जागा सोडावी. २५ सेंटिमीटर उंचीच्या खोक्यासाठी, बीम आणि पट्ट्यांची जाडी धरून, एका मजल्याला साधारण ४५ सेंटिमीटर लागतात. म्हणजे पुढच्या बाजूने चार मजले जमिनीपासून २०, ६५, ११० आणि १५५ सेंटिमीटरवर येतात. मधले दोन मजले कमरेपासून खांद्यापर्यंतचे, सर्वांत सोयीचे. ज्या वस्तूंपाशी सर्वाधिक वेळा जावे लागते, त्या इथे. खाली जड, वर हलके. वरच्या मजल्याबाबत एक गोष्ट नकाशावर दिसत नाही: १५५ सेंटिमीटरवरचे खोके पाच फूट उंचीच्या कामगार महिलेच्या डोळ्यांच्याही वर असते, त्यामुळे उघड्या खोक्यात किती नग उरले, ते तिला दिसत नाही. म्हणून वरच्या मजल्यावर पूर्ण खोक्यानेच विकला जाणारा हलका माल ठेवावा. सुटे नग काढायचे असतील, तर त्या मजल्याचा पुढचा भाग जास्त खाली झुकलेला घ्यावा. तशी जोडणी मिळते, फक्त ती उंचीतली जागा खाते.

मागच्या बाजूला हाच मजला ढाळामुळे आणखी वर जातो. पुढे १५५ असेल, तर मागे तो १६७ किंवा त्याहून वर असतो आणि भरणाऱ्याला दिवसभर खोकी डोक्याच्या उंचीला उचलावी लागतात. रॅक पाहायला येणारा मालक नेहमी पुढच्या बाजूला उभा राहतो, त्यामुळे मागच्या माणसाची ही अडचण खरेदीनंतरच कळते. मागे एक भक्कम, रुंद पायरी ठेवावी. स्टुलावर उभे राहून खोकी भरायला लावू नये.

पुढच्या गल्लीत ट्रॉली घेऊन दोन माणसे एकमेकांना ओलांडू शकतील, इतकी म्हणजे सव्वा ते दीड मीटर जागा हवी. मागच्या गल्लीची रुंदी माल कशाने आणणार, यावर ठरते. हाताने ओढायच्या पॅलेट ट्रकला वळायला जागा मिळाली पाहिजे आणि स्टॅकर, म्हणजे पॅलेट उंच उचलणारे यंत्र, वापरणार असाल, तर त्याच्या कंपनीने दिलेले वळणाचे माप धरावे. जागा कमी पडते म्हणून रॅकची मागची बाजू भिंतीला लावून टाकणे ही चूक मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिली आहे. मग माल पुढूनच भरला जातो, नवा माल जुन्याला मागे ढकलतो आणि मुदत संपलेली खोकी भिंतीशी सापडतात. इतकी जागा नसेल, तर फ्लो रॅक घेऊच नये.

जमीन, सांगाडा आणि बसवणी

वरच्या उदाहरणातील खणात सात लेन, सहा खोकी आणि चार मजले, म्हणजे १६८ खोकी मावतात. खोके दहा किलोचे धरले, तर लोखंडाचे वजन सोडून १,६८० किलो होतात आणि ते चार पायांवर येतात. एका पायाखाली चारशे किलोंच्या वर भार आला. औद्योगिक वसाहतीतील काँक्रीटच्या जमिनीला याचे काही वाटत नाही. पण लक्ष्मीपुरी-शाहूपुरीतील जुन्या गाळ्यांत शहाबादी फरशी मातीच्या भरावावर बसवलेली असते आणि पायाच्या छोट्या पट्टीखाली ती तडकते किंवा खचते. एक पाय पाच मिलिमीटर खचला तरी लेन एका बाजूला कलतात आणि खोकी दुभाजकाला घासत चालतात. अशा ठिकाणी फरशी काढून पायांखाली काँक्रीटचे ठोकळे ओतून घ्यावेत. इमारतीच्या पहिल्या मजल्यावर फ्लो रॅक ठेवायचे असेल, तर तिच्या अभियंत्याला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

शिवाजी उद्यमनगरात सांगाडा करून देणारे कारागीर हवे तेवढे आहेत आणि कोल्हापूरकराला स्वतः उभे राहून काम करून घेण्याची आवडही असते. सांगाडा तिथे करून घ्यायला हरकत नाही, परंतु दोन अटी घालाव्यात. पहिली अशी की, चाकांच्या पट्ट्या तयारच विकत आणाव्यात. चाके सुटी आणून अँगलला बसवण्याच्या उद्योगात दोन चाकांची उंची दोन मिलिमीटरने चुकली, तरी खोके तिथे अडते. दुसरी अशी की, आडव्या बीम वेल्डिंगने कायमच्या जोडू नयेत. खांबांना ठरावीक अंतरावर भोके असावीत आणि बीम त्यांत अडकवून पिनेने पक्क्या कराव्यात. कंपनीने खोक्याचे माप बदलले, की वेल्डिंग केलेले रॅक भंगारात जाते. बीम किती भार घेऊ शकते, ते कारागिराच्या अंदाजावर न सोडता जाणकाराकडून काढून घ्यावे आणि प्रत्येक खणावर "एका मजल्यावर इतके किलो" अशी ठळक पाटी लावावी.

बसवताना पुढच्या व मागच्या बीमची पातळी गवंड्याच्या पाण्याच्या नळीने पाहावी. लहान स्पिरिट लेव्हल अडीच मीटरच्या बीमवर फसवते. पाणी फसवत नाही. पातळी जुळली, की पायांखाली लोखंडी पातळ पट्ट्या सरकवून अँकर बोल्ट आवळावेत. कोपऱ्यातील खांबांना, जिथे पॅलेट ट्रकचा धक्का लागण्याची शक्यता असते, तिथे जमिनीत पक्के केलेले संरक्षक कठडे लावावेत.

सर्वांत खालचा मजला जमिनीपासून वर असला, तरी तो पुरापासून संरक्षण नव्हे. २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आले आणि वाहतूक बंद पडली, हे इथल्या प्रत्येक वितरकाला ठाऊक आहे. अशा दिवसांसाठी लागणारा जादा साठा फ्लो रॅकमध्ये कोंबायचा नसतो, तो वेगळ्या पॅलेट रॅकवर, उंचावर ठेवायचा असतो. फ्लो रॅकमध्ये दिवसा-दोन दिवसांचाच माल असावा.

दोन्ही बाजूंच्या चिठ्ठ्या

प्रत्येक लेनला पुढे आणि मागे, दोन्हीकडे, एकच क्रमांक हवा. हे वाचायला सोपे आहे आणि करताना हमखास चुकते. मी पहिल्यांदा रॅक बसवले, तेव्हा पुढच्या बाजूला डावीकडून उजवीकडे एक ते सात अशा चिठ्ठ्या लावल्या आणि मागे जाऊन, तितक्याच उत्साहाने, पुन्हा डावीकडून उजवीकडे एक ते सात लावल्या. मागची डावी बाजू म्हणजे पुढची उजवी, हे लक्षात आले नाही. भरणाऱ्याने चिठ्ठ्यांप्रमाणे माल भरला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानदारांना शाम्पूऐवजी टूथपेस्ट गेली. प्रत्येक मजल्यावरील चौथ्या लेनचा माल तेवढा बरोबर होता, कारण ती मधोमध होती. संध्याकाळपर्यंत परत आलेल्या मालाने अर्धी गल्ली भरली.

तेव्हापासून चिठ्ठ्या लावण्याची पद्धत बदलली. एक माणूस पुढे बसतो, एक रिकामे खोके मागून सोडायला सांगतो आणि ते ज्या लेनमधून येते, तिचाच क्रमांक मागे लावला जातो. क्रमांकात खण, मजला आणि लेन असे तीन भाग असावेत, उदाहरणार्थ क-२-०५, आणि मागच्या चिठ्ठीवर वस्तूचे नाव मोठ्या अक्षरांत असावे. संगणकातून निघणाऱ्या बिलावरील ओळी याच क्रमांकांच्या क्रमाने छापून घ्याव्यात. बिल वस्तूंच्या नावांच्या वर्णानुक्रमाने निघत असेल, तर रॅक कितीही चांगले असले, तरी माणूस पुढे-मागे पळतच राहतो.

रोजचे काम

भरण्याचे काम माल काढण्याच्या आधी, सकाळी लवकर किंवा आदल्या संध्याकाळी, पूर्ण करावे. भरणाऱ्याने खोके हळूच चाकांवर ठेवावे, फेकू नये, आणि टेप सुटलेले खोके आत सोडू नये. माल काढणाऱ्याने सुटे नग काढण्यासाठी खोक्याचा पुढचा भाग कापावा, तळ अखंड ठेवावा, आणि खोके रिकामे झाले, की लगेच बाहेर काढावे. रिकामे खोके पुढे तसेच राहिले, तर मागे पाच भरलेली खोकी असूनही "माल संपला" असा निरोप येतो. रिकाम्या पुठ्ठ्यासाठी ट्रॉलीच्या वाटेवर एक पिंजरा ठेवावा. त्यासाठी फार विचार करण्याची गरज नाही.

आधी आलेला माल आधी जातो, हे रॅक सांभाळते. पण आधी मुदत संपणारा माल आधी जातो, हे ते सांभाळत नाही. कंपनीने आधीच्या तारखेची खोकी नंतर पाठवली किंवा दुकानदाराकडून माल परत आला, तर तो मागून भरल्यास रांगेत शेवटी जाईल. अशा मालासाठी वेगळी फळी ठेवून आधी ती रिकामी करावी. परत आलेले खोके पुढून लेनमध्ये ढकलण्याची सवय कोणालाही लागू देऊ नये.

लेन अडली, तर हात आत घालून खोके ओढू नये, कारण ते सुटले की मागची सगळी रांग हातावर येते. आधी पुढची न अडलेली खोकी काढून घ्यावीत, मग लांब दांड्याच्या आकड्याने अडलेले खोके सोडवावे किंवा मागच्या बाजूने रांग हलकी करावी. रॅकवर चढण्यास आणि चाकांवर पाय ठेवण्यास सक्त मनाई असावी. प्लास्टिकचे चाक खोक्याच्या वजनासाठी असते, माणसाच्या नव्हे.

आठवड्यातून एकदा प्रत्येक मजल्यावरची एक-दोन लेन रिकामी करून चाकांमधील टेपचे तुकडे, सुतळीचे धागे आणि पुठ्ठ्याचा भुसा ब्रशने काढावा, म्हणजे महिनाभरात सगळ्या लेन साफ होतात. चाकांना तेल घालू नये; तेलावर धूळ बसते आणि चाक महिन्याभरात जाम होते. गूळ किंवा काकवी ठेवणाऱ्यांना वेगळाच त्रास होतो. एखादी बाटली फुटली, की काकवी चाकांवर वाळते, मुंग्या लागतात आणि ती लेन इतरांपेक्षा मंद चालू लागते. कोमट पाण्यात भिजवलेल्या फडक्याने चाके एकेक करून पुसावी लागतात आणि ती पूर्ण वाळल्यावरच लेन भरावी, नाहीतर पहिल्याच खोक्याचा तळ ओला होतो.

पहिल्या महिन्यानंतर सुरुवातीला वहीत टिपलेली दोन्ही मापे पुन्हा घ्यावीत. चालण्याचा वेळ कमी झाला नसेल, तर रॅकला बोल लावण्याआधी कोणती वस्तू कोणत्या मजल्यावर आहे, ते तपासावे. बहुधा जास्त चालणारा माल वर गेलेला असतो. त्यानंतर दर तीन महिन्यांनी विक्रीची यादी काढून लेनची अदलाबदल करावी. खांबांना भोके असतील, तर एक मजला चाळीस-पन्नास मिनिटांत खाली-वर करता येतो. चिठ्ठ्या मात्र त्याच वेळी, मागे-पुढे दोन्हीकडे, आणि रिकामे खोके सोडूनच बदलाव्यात.